तिसरं चाक जोडताना: शेतात पळवायची छोटी रेसिंग साइडकार

बाइकच्या बाजूला जोडायची, पॅसेंजरचा प्लॅटफॉर्म असलेली एकचाकी साइडकार बनवायची म्हटलं की पोरांची नजर आधी वेल्डिंग मशीनकडे जाते. मी त्यांना आधी बाजारात पाठवतो. तीन मीटरच्या दोन सरळ ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या, एक ओळंबा आणि एक चांगला टेप आणा म्हणतो. पाइप कापणं, टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारणं, रंग देणं हे जळगाव एमआयडीसीतला कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल. ट्रॉल्या, फवारणीचे सांगाडे, ठिबकच्या फिल्टरचे स्टँड इथे रोजच बनतात. गाडी सरळ पळेल की ड्रायव्हरचे हात भरून आणेल, हे मात्र तिसरं चाक कुठे बसवलं, किती कलतं ठेवलं आणि माप घेताना गाडीवर किती ओझं होतं, यावर ठरतं. त्यामुळे खाली वेल्डिंगबद्दल थोडं आणि मापांबद्दल जास्त आहे.

एक गोष्ट आधीच. ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही. नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायला १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. "मामा, अजिंठा रोडला एकच चक्कर" असं भाचा लाडात येऊन म्हणाला तरी नाही. गाडी छोट्या हत्तीत चढवायची आणि मैदानावर उतरवायची.

ती अशी का वागते

आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूने चालतात, म्हणून साइडकार डावीकडे जोडायची. इंग्लंडमध्येही तसंच. युरोपातल्या इतर बहुतेक देशांची किंवा अमेरिकेची चित्रं पाहून बनवत असाल तर त्यांची साइडकार उजवीकडे असते, तेव्हा सगळं आरशातल्यासारखं उलटं करून घ्या.

औताला जोडी जुंपली आणि डावा बैल रेंगाळला की औत डावीकडे वळतं. साइडकारचं तेच आहे. ओढणारं चाक बाइकचं आणि रेंगाळणारं ओझं डावीकडे, त्यामुळे रेस दिली की गाडी डावीकडे खेचते. ब्रेक मारला की उलटं होतं. बाइक थांबते, साइडकार पुढे धावू पाहते आणि गाडी उजवीकडे वळते. डाव्या वळणावर साइडकार आतल्या बाजूला येते आणि तिचं चाक हवेत उठतं. उजव्या वळणावर साइडकार बाहेर असते, तेव्हा बाइकचं मागचं चाक हलकं होतं आणि गाडी डाव्या पुढच्या कोपऱ्यावर कोलमडू पाहते. पुढे जे जे माप येईल ते या चारांपैकी कशावर तरी उतारा आहे. माप पाठ करण्यापेक्षा हे चार ध्यानात ठेवा.

बाइक

मी जुनी पल्सर १५० घेतो. तिची फ्रेम डबल क्रेडलची आहे, म्हणजे इंजिनाच्या खालून दोन नळ्या जातात, आणि साइडकारचे खालचे दोन सांधे पकडायला तेच हवं असतं. काही बाइकमध्ये इंजिनच फ्रेमचा भाग असतं, खाली पकडायला काहीच नसतं. त्यांना आधी खालून पाळणा बांधावा लागतो आणि काम दुप्पट होतं. चौदा-पंधरा हॉर्सपॉवर शेतातल्या ट्रॅकला भरपूर झाली. अलॉय चाकं असतील तर उत्तम. बाइक वळणावर झुकते, त्यामुळे तिच्या चाकावर आडवा जोर फारसा येत नाही. साइडकारची गाडी झुकत नाही, सगळा आडवा जोर रिमवर येतो. तारांच्या चाकाच्या तारा त्याने ढिल्या होतात, मग तुटतात.

फ्रेमवर काही जोडायच्या आधी बाइकचा स्वतःचा ढिलेपणा काढा. हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) नवीन टाका, शक्यतो टेपर रोलरचा. स्विंगआर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या आर्मचे, बुश आणि दोन्ही चाकांचे बेअरिंगही नवे. मागचा स्विंगआर्म हाताने आडवा हलत असेल तर पुढची सगळी मापं वाया.

सांगाडा

साइडकारचा सांगाडा मी ३२ मिमी व्यासाच्या आणि अडीच-तीन मिमी जाडीच्या नळीचा करतो. आकार साधा: बाइकच्या बाजूने एक लांब नळी, बाहेरून एक, मध्ये तीन आडव्या, आणि चाकापाशी त्रिकोण. कोपऱ्यांना गसेट, म्हणजे त्रिकोणी पत्रे, मारा. नळी जाड घेण्यापेक्षा त्रिकोण वाढवणं फायद्याचं, हे ट्रॉलीवाल्यांना सांगावं लागत नाही.

चैत्र-वैशाखात हे काम करत असाल तर दुपारी वेल्डिंग करू नका. आपल्याकडचा तो गरम वारा एमआयजी वेल्डिंगमध्ये सांधा झाकणारा गॅस उडवून नेतो, आणि वरून झकास दिसणारा सांधा आत छिद्राछिद्रांचा निघतो. ताडपत्री लावा, नाहीतर सकाळी उरका. आधी सगळे टॅक मारायचे, गुनिया आणि कर्ण तपासायचे, मग एक सांधा इकडचा, एक तिकडचा असं वेल्ड करायचं. एकाच बाजूने ओढत गेलात तर सांगाडा केळीच्या पानासारखा वळतो.

बाइकला साइडकार चार जागी पकडते. खालचे दोन सांधे ओझं घेतात: एक स्विंगआर्मच्या पिव्होटपाशी, दुसरा क्रेडलच्या पुढच्या खालच्या वळणावर. वरचे दोन गाडीचा कल ठरवतात: एक सीटखाली, दुसरा टाकीच्या पुढे, हँडलच्या डोक्याजवळ. बाइकच्या पातळ नळीवर थेट वेल्ड करायचं नाही. दोन पाकळ्यांचे क्लॅम्प लेथवर करून घ्या, आत नळीला घट्ट बसतील असे. बोल्ट १२ मिमीचे, ८.८ ग्रेडचे, नायलॉक नटसकट.

वरच्या दोन दांड्यांना लांबी कमी-जास्त करायची सोय हवीच. यासाठी मी मिनी ट्रॅक्टरचा टॉप लिंक वापरतो. दोन्ही टोकांना बॉल असतो, एकीकडे उलटे आटे आणि एकीकडे सुलटे, मध्ये फिरवलं की लांबी बदलते. वजनाला जरा जड आहे, पण कुठल्याही ट्रॅक्टर स्पेअरच्या दुकानात मिळतो आणि तुटत नाही. रेसिंगचे नाजूक रॉड एंड (दांडीच्या टोकाचे बॉलचे सांधे) छान दिसतात. काळ्या मातीची धूळ एकदा त्यांच्यात शिरली की मग बघा.

खालचे सांधेही लांबट भोकांचे ठेवा, म्हणजे चाकाची दिशा हलवता येईल. जे नंतर हलवायचं आहे ते आधीच वेल्ड करून टाकणारे खूप पाहिले.

तिसरं चाक

रिक्षाचं चाक घ्या, ४.००-८ टायरचं. रिम पत्र्याची, आडवा जोर सोसणारी, आणि लहान असल्यामुळे प्लॅटफॉर्म खाली ठेवता येतो. रिक्षाच्या मागच्या चाकाचा ट्रेलिंग आर्मही भंगारात मिळतो. तो जसाच्या तसा सांगाड्याला बसतो आणि वर स्कूटरचा शॉकअप लावला की काम झालं. डांबरी ट्रॅकवरच्या अनेक रेसिंग गाड्यांत या चाकाला सस्पेन्शन नसतंच. शेतात मात्र हवं. फक्त शॉकअप मऊ ठेवू नका, नाहीतर उजव्या वळणावर साइडकार खाली बसते आणि गाडी आणखी कोलमडते.

आता चाक कुठे. बाजूने पाहिलं तर साइडकारचं चाक बाइकच्या मागच्या चाकाच्या रेषेत नसतं, थोडं पुढे असतं. एक्सलपासून एक्सलपर्यंत मी २०० मिमी पुढे ठेवतो. आणखी पुढे घेतलं तर उजव्या वळणावर कोलमडणं कमी होतं, पण वळताना ते चाक फरफटतं आणि हँडल जड होतं. आपल्या लहान गाड्यांना दीडशे ते अडीचशेच्या मधलं काहीही चालतं.

रुंदी, म्हणजे मागच्या चाकाच्या मध्यापासून तिसऱ्या चाकाच्या मध्यापर्यंत, मी साधारण एक मीटर धरतो. रुंदी वाढवली की साइडकार उठायची कमी होते आणि डावीकडे खेचणं वाढतं. दोन्ही एकदम मिळत नाही.

खरं काम: दिशा आणि कल

इथे घाई करू नका. गाडी सपाट फरशीवर घ्या. तिन्ही टायरमध्ये हवा भरा. ड्रायव्हरला सीटवर बसवा आणि पॅसेंजरला प्लॅटफॉर्मवर, दोघांना हेल्मेट-बुटासकट. रिकाम्या गाडीचं माप हे रिकाम्या गाडीचंच माप, दोघं बसले की शॉकअप दबतात आणि सगळं बदलतं. पोरं कंटाळतात. बसू द्या.

एक ॲल्युमिनियमची नळी बाइकच्या दोन्ही चाकांना उजवीकडून टेकवा. पुढचा टायर बारीक असतो, त्यामुळे तिथे फट राहते. ती पुढच्या चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेला सारखी आहे ना बघा, म्हणजे हँडल सरळ आहे हे कळतं. दुसरी नळी साइडकारच्या चाकाला बाहेरून टेकवा. आता दोन नळ्यांमधलं अंतर दोन जागी मोजा: पुढच्या चाकाच्या एक्सलपाशी आणि मागच्या चाकाच्या एक्सलपाशी. पुढचं अंतर मागच्यापेक्षा कमी हवं, म्हणजे तिसऱ्या चाकाचं नाक बाइककडे वळलेलं. मी १२ मिमीवर सुरुवात करतो. यालाच टो-इन म्हणतात. ते गाडीला उजवीकडे ढकलतं आणि डावं खेचणं कापतं. वीसच्या पुढे गेलात तर टायर मातीवरसुद्धा घासला जातो आणि इंजिनाची ताकद त्यातच जाते.

मग कल. बाइक साइडकारपासून किंचित बाहेर, म्हणजे उजवीकडे झुकलेली हवी. हँडलच्या मध्यावरून ओळंबा सोडा. एक मीटर उंचीला एक अंश म्हणजे साधारण साडेसतरा मिमी. दोघं बसलेले असताना अर्धा ते एक अंश बाहेर, एवढं पुरे. मोबाइलमधल्या कोन मोजायच्या ॲपवर विश्वास टाकायचा तर टाका. माझा ओळंब्यावर आहे, त्याची बॅटरी संपत नाही. कल वरच्या टॉप लिंकने बदलायचा, एका वेळी अर्धा फेरा. कल बदलला की टो-इन पुन्हा मोजा, ते थोडं हललेलं असतं.

हँडल जड का होतं

साइडकार जोडल्यावर हँडल जड झालं असं सगळे म्हणतात आणि रुंद हँडल लावून मोकळे होतात. रुंद हँडल लावाच, पण कारण वेगळं आहे. हँडलच्या कण्याची रेष जमिनीपर्यंत वाढवली आणि पुढच्या एक्सलवरून ओळंबा सोडला, तर जमिनीवर त्या दोन बिंदूंमध्ये जे अंतर पडतं तो ट्रेल. साध्या बाइकला तो ८० ते १०० मिमीच्या आसपास असतो. तीन चाकांच्या गाडीला ३० ते ६० पुरतो. जास्त ट्रेल म्हणजे प्रत्येक वळणावर चाकाशी कुस्ती.

कमी करायचे दोन रस्ते. एक, फोर्कचे वरचे-खालचे टी (फोर्कच्या दोन्ही नळ्या धरणारे तुकडे) नवे करून घ्यायचे, ज्यात फोर्क कण्यापासून आणखी पुढे असतील. जितके मिलिमीटर पुढे, जवळपास तितकाच ट्रेल कमी. हे टी अखंड ईएन-८ पोलादामधून मशीनिंग करूनच घ्या. मूळचा ॲल्युमिनियमचा ओतीव टी कापून वेल्ड करणाऱ्याला मी वर्कशॉपमध्ये उभा करत नाही. दुसरा रस्ता लीडिंग लिंकचा, ज्यात एक्सल फोर्कच्या पुढे आर्मवर असतो. तो आडव्या जोराला जास्त मजबूत. १९५५पासूनच्या बीएमडब्ल्यूंना असला अर्ल्स फोर्क होता आणि त्याच्या पिव्होटला दोन जागा दिलेल्या होत्या, एक एकट्या बाइकसाठी, एक साइडकारसाठी. कारखान्यातूनच सोय.

साइडकार लावली की कमी वेगात हँडल थरथरतं. हँडलला स्टिअरिंग डॅम्पर (थरथर जिरवणारा छोटा शॉकअप) लावला की थांबतं. डॅम्पर इतका घट्ट करू नका की हँडल स्वतःहून मध्यावर येणार नाही.

वजन

रावेर-यावलकडे केळी भरणाऱ्यांकडे इलेक्ट्रॉनिक काटे असतात. एक दिवस मागून आणा. एक चाक काट्यावर, बाकीची दोन तितक्याच उंचीच्या फळ्यांवर, दोघं बसलेले. असं एकेक चाक. तिसऱ्या चाकावर एकूण वजनाचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा यावा, असा माझा हिशेब. कमी आला तर बॅटरी तिकडे हलवा, नाहीतर बाहेरच्या नळीत सळई घाला, शक्य तितकी खाली. एकट्याने चालवून पाहायची असेल तर प्लॅटफॉर्मवर पन्नास किलोचं वाळूचं पोतं आवळून बांधल्याशिवाय किक मारू नका. रिकामी साइडकार डाव्या वळणावर पहिल्याच झटक्यात उठते.

पॅसेंजर

१९४९ला साइडकारची पहिली जागतिक स्पर्धा एरिक ऑलिव्हरने नॉर्टनवर जिंकली, तेव्हा त्याच्या बाजूला डेनिस जेन्किन्सन होता. आयल ऑफ मॅनवर १९२३ साली साइडकारची पहिली शर्यत जिंकणाऱ्या फ्रेडी डिक्सनची साइडकार तर झुकणारी होती, आणि ती झुकवायचं काम पॅसेंजर वॉल्टर डेनीकडे होतं. त्याच आयल ऑफ मॅनवर २०२३ला बेन आणि टॉम बर्चल या भावांनी एका फेरीत ताशी १२० मैलांच्या वर सरासरी काढली. साइडकारवर हे तिथे आधी कुणाला जमलं नव्हतं. नावं जोडीनंच येतात.

आमच्याकडे गाडी भाचा चालवतो आणि पॅसेंजर माझी पुतणी आहे. ती कबड्डी खेळते, रेडरचे पाय आहेत तिला. डाव्या वळणाला ती बाहेर, चाकाच्या पलीकडे, ढुंगण जमिनीपासून वीतभर. उजव्या वळणाला ड्रायव्हरच्या मागून मागच्या चाकावर. सरळ रस्त्याला खाली वाकून. हे सगळं वळण यायच्या आधी झालेलं हवं, वळणात शिरल्यावर नाही.

म्हणून पकडायचे दांडे कुठे बसवायचे हे पॅसेंजर सांगणार, फॅब्रिकेटर नाही. गाडी स्टँडवर लावा, पॅसेंजरला तिन्ही जागी जाऊ द्या, हात आपसूक जिथे जातो तिथे खडूने खूण करा. २५ मिमीची नळी, वर सायकलच्या हँडलचं रबर. "काका, हा चार बोटं पुढे," असं ती म्हणाली की मी टॅक तोडतो आणि चार बोटं पुढे घेतो. तिनं "आते बराबर शे" म्हटल्यावरच पक्का वेल्ड. प्लॅटफॉर्मला चेकर्ड प्लेट लावा, गुडघ्यापाशी जाड फोम.

पॅसेंजरचं अंग जिथे जिथे जाऊ शकतं तिथे काहीही फिरतं किंवा तापतं उघडं ठेवायचं नाही. तिसऱ्या चाकाला आतून-बाहेरून पत्र्याचं पूर्ण झाकण, चेनला बंद कव्हर, सायलेन्सर उजवीकडेच. उन्हासाठी गळ्यात-तोंडावर रुमाल बांधायची आपली सवय इथे सोडून द्या. ड्रायव्हरच्या मनगटाला दोरीने बांधलेला किल स्विच हवा, ड्रायव्हर पडला की इंजिन बंद.

ब्रेक आणि गिअरिंग

तिसऱ्या चाकाला स्कूटरचा केबलवाला ड्रम ब्रेक पुरतो. मागच्या ब्रेकच्या पेडलवरून दोन्हींना समान ओढ देणारी छोटी आडवी पट्टी लावा आणि तिसऱ्याचा जोर थोडा कमी ठेवा. सरळ ब्रेक मारून गाडी सरळ थांबेपर्यंत पट्टीचं भोक बदलत राहा.

पुढचं स्प्रॉकेट एक दाताने कमी करा. मागचे जवळपास तीन वाढवल्यासारखंच होतं आणि स्वस्तात होतं. मूळ गिअरिंगवर शेतात तिसरा गिअर ओढत नाही, क्लच जळतो आणि इंजिन तापतं. तेल वेळेआधी बदला.

मैदानावर

काळं रान उन्हाळ्यात नको. तिथल्या भेगांत आठ इंची चाक आख्खं अडकतं. कपाशी उपटलेल्या रानात पऱ्हाटीचे खुंट टायरला लागतात. मुरमाड बरड जमीन शोधा, दगड वेचा, पाण्याचा टँकर फिरवा. मेमध्ये सकाळी नऊच्या आत आवरा.

आधी सरळ, तिसऱ्या गिअरमध्ये, एकसारखी रेस. डावीकडे खेचते का? कल अर्धा फेरा बाहेर. तरी खेचते? टो-इन दोन मिमीने वाढवा. उजवीकडे जात असेल तर उलटं. एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि वहीत लिहायची, कारण दुपारी चहा पिताना प्रत्येकाला वेगळंच आठवतं. टायरची हवा मी वीस पीएसआयच्या आसपास ठेवतो आणि तीही वहीत. सरळ जमलं की उजवी वळणं, सावकाश. डावी सगळ्यात शेवटी, तीही पॅसेंजर बाहेर लटकायला शिकल्यावर. पहिल्या दिवशी शर्यत लावू नका. लावतातच, म्हणून सांगतो.

घरी आल्यावर

प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून क्लॅम्पवर रंगाची रेघ मारून ठेवलेली असावी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. गाडी धुवा, सांधे पुसून कोरडे करा, रॉकेल लावा, पंधरा मिनिटांनी वरचं रॉकेल पुसून घ्या आणि खडूची पूड चोळा. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूत उमटून ओली रेघ दिसते. खालचा पुढचा क्लॅम्प, ट्रेलिंग आर्मची मुळं आणि टॉप लिंक जिथे सांगाड्याला मिळतो ती जागा, या तीन ठिकाणी आधी बघा. भेग सापडली तर तिच्यावर नुसता वेल्ड चढवू नका. ग्राइंडरने पूर्ण उकरून काढा, भरा, वरून गसेट द्या. आणि त्यानंतर टो-इन पुन्हा मोजा, कारण वेल्डने सांगाडा ओढलेला असतो.